कोठीतून येणारा जबाब

दाराच्या फळ्या निघाल्या आणि रुईचा ढीग आमच्या अंगावर आला. त्यात एक पाय होता. गुडघ्यापर्यंत पांढरा, रुईनं असा माखलेला की कोणाचा ते ओळखू येईना. आत दोघं होते – माझा नवरा देवाजी आणि त्याचा जोडीदार नामदेव. मी त्या पायाला हात घातला आणि त्याच वेळी वर कोठीच्या छतावर टोपल्या नेणाऱ्या सखूनं भोकात तोंड घालून हाक दिली, “आहे का?”

आतून जबाब आला. “आहो!” आणि त्याच्या मागोमाग दुसरा, “आहो!”

दोघांचेही. स्वच्छ, मोकळ्या गळ्याचे. माझ्या हातात एक पाय, समोर छतापर्यंत दाबलेली रुई, आणि दोघं वरून बोलत होते...

आता नीट सांगते.

तुमच्या मासिकात लोक भुताखेताचे अनुभव लिहितात ते मी वाचते. बहुतेक अनुभव अपचनाचे असतात असं माझं मत आहे. माझा बाप माहेरच्या गावी पंतोजीच्या शाळेत झाडलोट करायचा, म्हणून मागं बसून मी धूळपाटीवर अक्षरं शिकले. तेवढंच माझं शिक्षण. पण डोकं ठिकाणावर आहे. चिंचेखाली मला कधी कोणी दिसलं नाही, माझ्या अंगात कधी आलं नाही, आणि ज्यांच्या अंगात येतं त्यांना मी कधी नारळ दिला नाही. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुम्ही मला त्यातलीच समजाल. समजा. मला फरक पडत नाही.

आम्ही नवराबायकोनं सगळी उमर अकोल्यात कापसात घातली. मी रेचा फिरवायची – म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची. बुढा कोठ्या दाबायचा – म्हणजे कोठीतली रुई पायानं तुडवायचा. नवऱ्याला आमच्याकडं बुढाच म्हणतात, तो तरणा असल्यापासून मी म्हणत होते. पुढं माझी बोटं वाकडी झाली आणि त्याच्या छातीत रुईचा फुफाटा बसला. खोकला लागला की थांबायचा नाही. तेव्हा आम्ही काम सोडलं आणि नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडं मुलाच्या घरी येऊन राहिलो.

सून वाईट नव्हती. लोकांना सुना वाईट असलेल्या आवडतात, म्हणून सांगते. ती आम्हाला कशालाच हात लावू द्यायची नाही, एवढंच. मी जात्याशी बसले की “राहू द्या आत्याबाई.” बुढ्यानं बैल सोडला की मुलगा धावत यायचा, “बाबा, तुमी बसा.” बसा, बसा. बुढा ओट्यावर बसून जाणाऱ्या बैलगाड्या मोजायचा आणि संध्याकाळी मला आकडा सांगायचा. एके दिवशी तो म्हणाला, “बुढे, आपन मेलो का वं? हे लोक आपल्याशी मेल्यावानी वागून राहिले.”

“मेल्यावर जेवाले भेटत नाही,” मी म्हटलं. “तुमी दोनदा जेवले.”

मग ती धामधूम सुरू झाली. समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई लागली म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं सगळे सांगायचे. लढाई कोणाची, कशासाठी, ते आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. पण ज्वारी मोडून लोक कापसाची पऱ्हाटी लावायला लागले, बैलांच्या शिंगांना पितळ चढलं. तरणी माणसं रेल्वेच्या मातीकामावर गेली, उरलेली वेचणीला. अमरावतीच्या व्यापाऱ्यांना माणूस मिळेना. शेवटी त्यांचे दलाल गावोगावच्या बाजारात येऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायला लागले. एक आमच्या बाजारात आला. म्हणाला, “हातपाय हलतात ना? मग चला. केस पांढरे असले तरी चालतात, मालही पांढराच आहे.”

बुढा तिथंच हो म्हणून आला.

मुलगा चिडला. “लोक मले काय म्हनतीन? मायबापाले पोसत नाही म्हनतीन!”

“लोकाईले सांग, तुह्या बापाले काम लागलं,” बुढा म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा मी पाहिला. भांडी बांधली.

अमरावतीत परकोटाच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर, त्या व्यापाऱ्याचा वाडगा होता. मधे अंगण, एका बाजूला रेच्यांचं छप्पर, दुसऱ्या बाजूला मातीच्या कोठ्या. मुनीम मारवाडी, पण पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडात राहिलेला. त्यानं बुढ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय येते बुढेबा? बैल राखाल? चारापानी?”

“बैल?” बुढा म्हणाला. “म्या अकोल्यात कोठ्या दाबल्या. जाऊन इचारा. माह्या कोठीत सुई टोचाले जागा नसे.”

मी म्हटलं, “छाती चालत नाही, तेही सांगा त्याईले.”

“तू चूप राह्य वं.”

मुनीम खूश झाला. कोठी दाबणारे मिळतच नव्हते तेव्हा. माझ्या बोटांकडं पाहून म्हणाला, “ही बाई रेचा नाही फिरवू शकत. हिला वर बसवा, हाक द्यायला.”

बुढा हसला. “पाह्य बुढे, साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा तुले तोंडाचं काम भेटलं. पेनशिन घेतल्यावर!”

कोठी कशी भरतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोठी म्हणजे चार मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट छत – धाबं. खिडकी नाही. एक दार, ते बाहेरून फळ्या लावून बंद करायचं. धाब्याला माणूस जाईल एवढं भोक असतं. त्यातून टोपल्यांनी रुई आत ओतायची. आत दोन माणसं ती पायानं तुडवून दाबतात, आधी भिंतीकडून, मग मधे. रुई वर चढते तशी माणसंही वर चढतात. शेवटी धाब्याला डोकं लागलं की भोकातून बाहेर येतात. आत दिवा न्यायचा नाही, कारण ठिणगी पडली तर सगळं जाईल. म्हणून आत अंधार. ओतणाऱ्याला दाबणारा दिसत नाही.

म्हणून हाक. प्रत्येक टोपलीच्या आधी वरच्या बाईनं विचारायचं, “आहे का?” आतल्यांनी एकेकानं सांगायचं, “आहो.” म्हणजे मी आहे, रुईच्या वर आहे, श्वास घेतो आहे. दोन माणसं तर दोन जबाब. एक जबाब कमी आला की टोपली खाली ठेवायची आणि सगळ्यांनी धावायचं. रुई वजनानं मारत नाही. ढीग घसरला की नाकातोंडात जाते आणि माणसाला ओरडता येत नाही. ही पद्धत आम्ही अकोल्याहून नेली नव्हती, अमरावतीतही हीच होती. कापूस जिथं तुडवतात तिथं हीच आहे. ती चुकत नाही. जो बोलतो तो जिवंत असतो – याच्यावर सगळं काम चालतं.

बुढ्याचा जोडीदार नामदेव हा आधी विणकर होता. पन्नाशी उलटलेला, बारीक, पायानं चपळ. कापूस महाग झाला तसं सूत परवडेना, त्याचा माग बंद पडला. तो म्हणायचा, “वैनी, ज्या कापसानं मले घरी बसवलं, त्याले आता मी लाथा मारून राहिलो.” आणि खरंच, दाबताना तो शिव्या देऊन पाय आपटायचा.

बुढा नुसतं ‘आहो’ कधी म्हणायचा नाही. मी विचारलं “आहे का?” की आतून यायचं, “आहो वं, मेलो नाही अजून!” किंवा “आहो, तुहं कुकू पुसाले वेळ आहे!” टोपल्या वर आणणारी सखू हसून धाब्यावर बसायची. सखू विधवा, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “मावशी, असा नवरा मले भेटला असता तर म्या दुसऱ्या दिवशी माहेर गाठलं असतं.” मी म्हणायची, “मलेही तसंच वाटलं होतं. पण माहेर लय दूर होतं.”

त्या हंगामात बुढा सुधारला, हेही लिहिलं पाहिजे. जेवण वाढलं. पाठ सरळ झाली. रात्री खोकायचा, पण सकाळी माझ्या आधी उठायचा. ओट्यावर बसून गाड्या मोजणारा तो माणूस राहिलाच नव्हता. म्हणून मी काम सोडा असं पुन्हा म्हटलं नाही.

त्या दिवशी थंडी होती. मोठी कोठी रिकामी होती आणि मुनीम म्हणाला, आज दिवसभरात भरली पाहिजे, माल बघायला साहेब येणार आहे. दोघं आत गेले, फळ्या लागल्या. मी भोकापाशी बसले, हाक द्यायला आणि टोपली ओतायला. सखू आणि आणखी बाया शिडीवरून टोपल्या आणायला लागल्या.

“आहे का?”

“आहो वं, कोंबडीवानी कोकलू नको!”

“आहो!” – हा नामदेव.

अशा बऱ्याच टोपल्या गेल्या. मग केव्हातरी बुढ्याची थट्टा बंद झाली. नुसतं “आहो”. आवाज त्याचाच. इतकी वर्षं ऐकलेला आवाज मी ओळखते. मला वाटलं, दम लागला असेल, श्वास वाचवतो आहे. मी विचारलं, “बसता का थोडे?”

“आहो!”

सखू म्हणाली, “बुढेबा आज लय शहाने झाले.”

रुई वर चढत गेली. दुपार कलली. रुई भोकापासून हातभर खाली आली की दाबणाऱ्यांची डोकी दिसायला लागतात. रुईनं पांढरी, मेंढरांसारखी. मी वाकून पाहिलं. डोकी नव्हती. नुसती रुई, वरून सैल, कोणी तुडवलेली नाही अशी.

“कुठी आहा तुमी? दिसून नाही राहिले.”

“आहो!”

“डोकं काढा वर.”

“आहो!”

“आपल्या पोराचं नाव काय? सांगा.”

“आहो!” आणि त्याच्या मागून नामदेवाचा, “आहो!”

माझ्या हातातली टोपली सखूनं घेतली. मी पालथी झोपून भोकात हात घातला, खांद्यापर्यंत. इकडं, तिकडं, जितका जाईल तितका. रुईच रुई. माणूस बसायला सोडा, मांजर बसायला जागा नव्हती. आणि माझा हात आत असताना सखूनं, सवयीनं म्हणा, हाक दिली – “आहे का?”

जबाब माझ्या मुठीच्या जवळून आला. बोटांना वारा लागला नाही, काही लागलं नाही. नुसता आवाज.

मी सखूला म्हटलं, “तू इचारत राह्य. थांबू नको.” आणि शिडी उतरले.

मुनीम दारापाशीच होता. मी म्हटलं, दार उघडा. तो म्हणाला, “पागल झाली का बाई? बोलून तर राहिले दोघंही! आता दार उघडलं तर सारी रुई अंगणात, साहेब यायचा आहे...”

वर सखू ओरडली, “आहे का?” आणि जबाब आले. मुनीम म्हणाला, “ऐक! ऐक ना!”

मी बैलगाडीच्या जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, उचलली आणि फळीवर घातली. मग रेच्यांवरच्या बायाही उठल्या, गाडीवानही आले. फळ्या निघाल्या, रुई अंगावर आली, आणि तो पाय.

मी ओढला. पाय हलला. पायाच्या मागं नामदेव आला. डोळे बाहेर आलेले, ओठ निळे. तोंडात रुईचा बोळा होता, तो मी बोटानं काढला. त्यानं श्वास घेतला, तो आवाज मी विसरणार नाही. वासरू जन्मताना करतं तसा. त्याला अंगणात उताणा टाकला. तो जिवंत होता.

आणि वरून सखू – तिला खालचं काही दिसत नव्हतं – ती विचारतच होती. “आहे का?”

“आहो!” माझ्या बुढ्याचा.

“आहो!” नामदेवाचा. नामदेव माझ्या पायापाशी पडला होता, तोंड उघडं, लाळ गळत होती. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. नामदेवानं स्वतः ऐकलं. त्यानं हात वर करून माझं लुगडं धरलं आणि मान हलवली, नाही, नाही, अशी.

मुनीमही धावला. तो स्वतः आत घुसून हातानं रुई उपसायला लागला.

बुढा सापडला तो मागच्या कोपऱ्यात, अगदी तळाशी. भिंतीला पाठ लावून बसलेला, गुडघे वर घेतलेले, एक हात छातीवर. खोकला आला की तो असाच बसायचा. त्याच्यावर सगळ्या दिवसाची रुई होती. अंग गार आणि ताठ. दवाखान्याच्या डॉक्टरला बोलावलं, त्यानं हात लावून सांगितलं, हा सकाळीच गेला आहे.

सकाळी. मी संध्याकाळपर्यंत त्याचे जबाब ऐकले.

नामदेव बोलायला लागला तो दुसऱ्या दिवशी. म्हणाला, “वैनी, देवाजीभाऊले ठसका लागला. ते कोपऱ्यात बसले. म्या वर बोंब मारली, थांबा, टाकू नका! तर माह्या डोक्यावरून जबाब गेला – आहो. त्याईच्या आवाजात. म्या म्हनलं, कोन बोलून राहिलं? देवाजीभाऊ तर माह्यासमोर खोकून राहिले. मंग पुन्हा आहो, आता माह्या आवाजात. वैनी, माहाच आवाज मी माह्या कानानं वरून ऐकला. मंग टोपली आली. ढीग घसरला, देवाजीभाऊ दिसेनासे झाले. म्या उकरलं. जितकं उकरलं त्याच्या दुप्पट वरून येऊन राहिलं. मी बोंबलून राहिलो आन्‌ ते वरून सांगून राहिलं, आहो, आहो...”

त्याला दारापर्यंत सरकता आलं. दोन फळ्यांमधल्या फटीला त्यानं नाक लावलं आणि पाय दाराकडं मुडपून तसाच राहिला. रुईत आवाज मरतो, तोंडातही बोळा गेला होता, त्यामुळं बाहेरच्यांना त्याची बोंब ऐकू आली नाही. मग ते वरचं कसं ऐकू येत होतं, ते मला विचारू नका.

लोकांनी कारणं सांगितली. सखू म्हणाली, ही रुई ज्या वावरातली असेल तिथं वेचणीच्या आधी बायांनी सीतादही केलं नसेल. भाव आला म्हणून लोक पूजा न करता, दहीभात न शिंपडता, बोंडं ओरबाडून आणतात. असेलही. पण त्या कोठीत निम्म्या वऱ्हाडाची रुई होती आणि बाकीच्या कोठ्यांतही तीच होती. मुनीम म्हणाला, भिंतीत आवाज घुमला असेल. सकाळचा आवाज संध्याकाळपर्यंत घुमेल कसा? डॉक्टर म्हणाला, बायांना सवयीनं ऐकू आलं. मुनीम बाई नव्हता, गाडीवान बाया नव्हते. आमच्या गावच्या भगतानं सांगितलं की बुढ्याचा जीव कामात अडकला होता. मी म्हटलं, बरं, मग नामदेवाचा जबाब कोण देत होतं? तो तर मेला नव्हता.

एकच गोष्ट मी मनाशी धरून आहे, तीही कारण म्हणून नाही. ते जे काही होतं त्याला आमची पद्धत माहीत होती. कोणत्या हाकेला काय म्हटलं की टोपली येते, ते माहीत होतं. आणि तेवढंच माहीत होतं. पोराचं नाव त्याला सांगता आलं नाही.

बुढ्याला नेल्यानंतर, कोठी अर्धी रिकामी असताना, मी एकदा धाब्यावर चढले. सखू खालून ओरडली, “मावशी, नको वं माय, उतर!” मी भोकापाशी बसून विचारलं, “आहे का?” काही आलं नाही. परत विचारलं. काही नाही. मी उतरले.

मुलगा न्यायला आला होता. मी गेले नाही. हंगाम संपेपर्यंत त्याच वाडग्यात काम केलं. रुईतला कचरा वेचायला बसले, बोटं वाकडी असली तरी. हाक द्यायचं काम मुनीमानं कोणालाच दिलं नाही. दाबणाऱ्यांच्या कमरेला दोर बांधायला लागले, आणि वरून दोर हलवून बघायचे. पुढं रुई दाबायचे प्रेस आले, इंजिनं आली, आता माणूस आत उतरतच नाही म्हणतात. चांगलं आहे.

त्यानंतर मला कधी काही ऐकू आलं नाही, दिसलं नाही. मी अजूनही चिंचेखालून जाते. त्या दिवशी काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही कळलेलं नाही, आणि या वयात कळेल असं वाटत नाही. कोणाला माहीत असेल तर लिहावं. पण आधी एकदा कोठी भरताना पाहून यावं.

त्या कोठीत दोघं उतरले होते. नामदेव वाचला.